वही कोणाच्या पेढीवर? ट्रेडलेन्स या व्यासपीठाचा प्रकरण अभ्यास

२०१४ साली मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीने एका मालाचा माग काढायचे ठरवले. माल होता गुलाब आणि अ‍ॅव्होकॅडो, निघाला होता केनियातल्या मोम्बासा बंदरातून आणि जायचा होता नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला. शेतातून निघून दुकानापर्यंत पोहोचायला त्याला सुमारे ३४ दिवस लागले. त्यातले १० दिवस माल नुसता पडून होता, कागद पुढे सरकण्याची वाट बघत. शेतकऱ्यापासून दुकानदारापर्यंत जवळजवळ ३० माणसे आणि संस्था त्या एका खेपेत गुंतल्या होत्या आणि त्यांच्यात २०० पेक्षा जास्त वेळा निरोप आणि कागद इकडून तिकडे गेले. एक महत्त्वाचा कागद तर मध्येच हरवला आणि नंतर कुठल्याशा गठ्ठ्यात सापडला.

मी न्हावा शेवाच्या, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदराच्या, पट्ट्यात निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करतो. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही, बरे वाटले. इतक्या मोठ्या कंपनीने आमचे रोजचे दुखणे मोजून तर पाहिले! त्या मोजणीतून पुढे जे उभे राहिले त्याचे नाव ट्रेडलेन्स. जहाजाने जाणाऱ्या मालाचे कागद आणि ठावठिकाणा संबंधितांना एकाच जागी दाखवणारे ते डिजिटल व्यासपीठ होते. ऑगस्ट २०१८ मध्ये ते सुरू झाले, नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करण्याची घोषणा झाली आणि २०२३ च्या पहिल्या तिमाहीअखेर ते कायमचे थांबले. जहाज व्यवसायातले डिजिटल बदल समजून घ्यायला याच्याइतके शिकवणारे प्रकरण मला दुसरे माहीत नाही, कारण यात पैसा होता, तंत्र होते, बाजारातले सर्वात मोठे नाव होते आणि तरीही ते टिकले नाही.

आधी तो कागद

बिल ऑफ लेडिंग हातात घेतल्याशिवाय ही गोष्ट कळणार नाही. आम्ही त्याला नुसते बीएल म्हणतो. ए-फोर आकाराचा थोडा जाड कागद, मागच्या बाजूला डोळे फोडणाऱ्या बारीक अक्षरांत अटी आणि पुढच्या बाजूला माल पाठवणारा, घेणारा, जहाजाचे नाव, कंटेनर क्रमांक, सील क्रमांक, वजन. सहसा तीन मूळ प्रती निघतात आणि तिन्हींवर सही-शिक्का असतो. या एका कागदात तीन गोष्टी बसलेल्या आहेत. जहाज कंपनीने माल ताब्यात घेतल्याची ती पावती आहे, वाहतुकीच्या कराराचा तो पुरावा आहे आणि मालावरच्या हक्काचे ते दस्तावेजही आहे. मूळ प्रत ज्याच्या हाती, माल त्याचा. म्हणूनच माल समुद्रात असताना कागद बँकांमधून फिरतो, हात बदलतो, त्यावर कर्ज मिळते आणि कधी मालाचा मालकही बदलतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशिकच्या द्राक्षांचा एक रीफर, म्हणजे आतून थंड ठेवलेला, कंटेनर रॉटरडॅमला निघाला होता. द्राक्षांच्या खेपेला कीडनाशकांच्या उर्वरित अंशाचा अहवाल लागतो, अ‍ॅगमार्क हे प्रतीचे प्रमाणपत्र लागते, फायटो म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचे प्रमाणपत्र लागते. ते सगळे वेळेत जमले होते. जहाज सुटल्यावर तिसऱ्या दिवशी लक्षात आले की बीएलवर सील क्रमांकातले दोन आकडे उलटसुलट पडले आहेत. कंटेनरवर ८१ आणि कागदावर १८. दुरुस्तीची विनंती, त्याचे शुल्क, जुन्या तिन्ही प्रती परत करणे, नव्या काढणे आणि मध्ये शनिवार-रविवार. कुरिअर पोहोचले तोवर कंटेनर तिकडच्या यार्डात चार दिवस विजेच्या प्लगला लागून उभा होता आणि रोजचे मीटर चालू होते. द्राक्षे खराब झाली नाहीत, पण त्या खेपेतला बागायतदाराचा नफा त्या चार दिवसांत गेला. माझ्याच ऑफिसमध्ये टाइप होताना ती चूक झाली होती. ट्रेडलेन्सविषयी पुढे जे सांगणार आहे त्यासाठी हे उलटसुलट झालेले दोन आकडे लक्षात ठेवा.

मर्स्क आणि आयबीएम

मार्च २०१७ मध्ये मर्स्क आणि आयबीएमने जाहीर केले की हायपरलेजर फॅब्रिक या ब्लॉकचेनच्या पायावर जागतिक व्यापाराचे कागद डिजिटल करायचे. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांची सामायिक डिजिटल खातेवही, जिच्यातली नोंद मागाहून गुपचूप बदलता येत नाही. जवळजवळ चार महिन्यांनी, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या हा सायबर हल्ला झाला आणि त्यात मर्स्कची यंत्रणाच कोलमडली. समूहाच्या ७६ पैकी १७ टर्मिनल्सना फटका बसला. आमच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले गेटवे टर्मिनल त्यात होते. कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले आणि नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. हे आकडे मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दाव्होसला उघडपणे सांगितले. त्याच महिन्यात मर्स्क आणि आयबीएमने संयुक्त कंपनीची घोषणा केली. एवढ्या मोठ्या आघातातून उठताना कंपनीने डिजिटल वाट सोडली नाही, हे मी तिच्या बाजूने नोंदवतो.

९ ऑगस्ट २०१८ ला ट्रेडलेन्स हे नाव आले. तोवर ९४ संस्था सामील झाल्या होत्या किंवा व्हायला तयार होत्या. बंदरे, टर्मिनल्स, सीमाशुल्क खाती, फॉरवर्डर (मालवाहतुकीतले मध्यस्थ), माल पाठवणाऱ्या कंपन्या असे सगळे त्यात होते. १५ कोटी ४० लाख घटनांची नोंद झाली होती आणि तिच्यात दिवसाला जवळजवळ दहा लाखांची भर पडत होती. घटना म्हणजे कंटेनर गेटमधून आत गेला, जहाजावर चढला, कस्टम्सने सोडला, असे प्रत्येक पाऊल. चाचणीच्या काळात अमेरिकेतल्या एका कारखान्याकडे जाणाऱ्या पॅकिंगच्या मालाचा प्रवासकाळ ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी सांगितले. माझ्या मनात घर करून राहिले ते दुसरेच उदाहरण. ‘माझा कंटेनर कुठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर मिळवायला पूर्वी दहा पायऱ्या आणि पाच माणसे लागत, ट्रेडलेन्सवर एक पायरी आणि एक माणूस पुरे. हा प्रश्न मला दिवसातून वीस वेळा विचारला जातो. त्या एका पायरीची किंमत मला कुणी समजावून सांगायला नको.

यंत्रणेची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. सामील झालेल्या प्रत्येक मोठ्या जहाज कंपनीचा स्वतःचा नोड, म्हणजे जाळ्यातला आपला वेगळा संगणक, होता. कागद त्या कंपनीच्याच नोडवर राहत आणि सामायिक खातेवहीवर फक्त त्याचा ठसा जाई, म्हणजे नंतर कुणी अक्षर बदलले तर लगेच कळावे. कोणाला काय दिसेल हे त्याच्या भूमिकेवर ठरे. एका कंपनीचे दर दुसरीला दिसत नव्हते.

मग अडचण कुठे होती? वाशीच्या एपीएमसीत पाच आडत्ये आहेत असे समजा. पाचही जण ठरवतात की आपण एकच हिशेबाची वही वापरू, म्हणजे शेतकऱ्याला पाच ठिकाणी खेटे घालावे लागणार नाहीत. कल्पना उत्तम. पण वही ठेवायची सर्वात मोठ्या आडत्याच्या पेढीवर. तो शपथेवर सांगतो की तुमची पाने मी उघडणार नाही, कुलूपही दाखवतो आणि ते कुलूप खरोखर पक्के आहे. बाकीचे चौघे काय करतील? मान डोलावतील आणि आपली वही घरीच ठेवतील. ट्रेडलेन्सचे घोडे इथेच पेंड खात होते.

हे कळायला सगळे फसण्याची वाट पाहावी लागली असेही नाही. हापाग-लॉइड या जर्मन कंपनीचे प्रमुख रोल्फ हाबेन यान्सेन यांनी २०१८ मध्येच जाहीरपणे सांगितले होते की तंत्र चांगले असेल, पण जे सगळ्या उद्योगाचे व्यासपीठ म्हणवते त्यावर एकट्या-दुकट्याचा ताबा असणे हा अंतर्विरोध आहे. मर्स्क-आयबीएमने हा सूर ऐकला. जानेवारीत जाहीर केलेली संयुक्त कंपनी ऑगस्टपर्यंत मागे पडली. तिच्या जागी दोघांमधला सहकार्याचा करार आला आणि मर्स्कने आपली एक वेगळी उपकंपनी पुढे केली. पुढे सल्लागार मंडळही नेमले. पण बौद्धिक संपदा या दोघांचीच राहिली. कुलूप बदलले, पेढी तीच राहिली.

ते आले, पण

इथे न्याय्य राहून सांगितले पाहिजे की स्पर्धक आलेच नाहीत असे नाही. मे २०१९ मध्ये एमएससी आणि सीएमए सीजीएम यांनी सामील होत असल्याचे जाहीर केले. जुलैमध्ये हापाग-लॉइड आणि जपानी कंपन्यांची ओएनई आली. ज्यांनी आक्षेप घेतला होता तेही आत आले. जगातल्या कंटेनर वाहतुकीचा अर्ध्याहून अधिक भाग आता कागदोपत्री ट्रेडलेन्सवर होता. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या सागरी आयोगाच्या प्रक्रियेतून या पाच कंपन्यांना आपसात माहिती वाटून घेण्याची वाट मोकळी झाली.

पण घोषणा आणि जोडणी यांत मोठे अंतर होते. एमएससी आणि सीएमए सीजीएमची पूर्ण जोडणी व्हायला ऑक्टोबर २०२० उजाडला, म्हणजे घोषणेनंतर जवळजवळ दीड वर्ष. दरम्यान दुसरी चूल मांडली गेली होती. नोव्हेंबर २०१८ मध्येच चीनच्या कॉस्कोसह काही कंपन्या आणि बंदरांनी ग्लोबल शिपिंग बिझनेस नेटवर्क या जाळ्याची घोषणा केली होती आणि २०२१ पर्यंत ते हाँगकाँगमधून चालू झाले. सीएमए सीजीएम तिथल्या पहिल्या घोषणेतही होती आणि ट्रेडलेन्सवरही. हापाग-लॉइडही दोन्हीकडे होती. कुठलेही एकच व्यासपीठ जगाचे होणार नाही, असे मोठ्या कंपन्यांना आतून वाटत होते हे यातून दिसते. दोन्ही घरांत पाट मांडून ठेवायचा आणि जेवण कुठे वाढले जाते ते पाहायचे.

कॉस्को ट्रेडलेन्सवर कधीच आली नाही. चीनमधून निघणारा मालच जगाचा सर्वात मोठा प्रवाह आहे. माझ्यासारख्याला त्याचा अर्थ असा की अर्धे कंटेनर एका पडद्यावर दिसणार आणि उरलेल्या अर्ध्यांसाठी जुनेच फोन, जुनेच मेल. अर्ध्या कामासाठी नवी पद्धत शिकायची आणि अर्ध्यासाठी जुनी चालू ठेवायची, तर काम दुप्पट होते. माहितीच्या जाळ्याला हा नियम कठोरपणे लागू पडतो. ते जवळजवळ सगळ्यांना धरून असेल तरच उपयोगी, नाहीतर ओझे.

फॉरवर्डरांचा प्रश्न मला या प्रकरणात सर्वात महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर लिहिले गेले सर्वात कमी. फॉरवर्डर म्हणजे माल पाठवणारा आणि जहाज कंपनी यांच्या मधला माणूस. ग्राहक कोण, तो काय पाठवतो, किती वेळा पाठवतो हीच त्याची पुंजी. याच वर्षांत मर्स्कने आपले धोरण बदलले. जहाजे चालवणारी कंपनी न राहता गोदामापासून दुकानापर्यंतची सगळी साखळी हाती घ्यायची, असे तिने उघड सांगितले. २०२२ मध्ये तिने हाँगकाँगची एलएफ लॉजिस्टिक्स ३६० कोटी डॉलरना घेतली आणि जर्मनीची सेनेटर इंटरनॅशनल ही फॉरवर्डर कंपनीही घेतली. व्यवसाय म्हणून यात काही गैर नाही. पण उद्या जो माझ्या ग्राहकाच्या दारात उभा राहणार आहे त्याच्या वहीत मी माझ्या ग्राहकांची यादी आज का लिहू? नव्या मुंबईतल्या माझ्या ओळखीच्या फॉरवर्डरांना ब्लॉकचेन कळत नव्हती असे नाही. त्यांना हा प्रश्न कळत होता.

आता ते दोन आकडे. ब्लॉकचेन हमी देते ती एकदा नोंदलेले बदलले जाणार नाही याची. पण मुळात नोंदलेले बरोबर आहे की नाही, याविषयी ती काहीच सांगत नाही. ती द्राक्षांची खेप ट्रेडलेन्सवर असती तर माझ्या ऑफिसमध्ये ८१ ऐवजी टाइप झालेले १८ जगातल्या सर्वात सुरक्षित खातेवहीनेही इमानेइतबारे जपून ठेवले असते. आमच्या धंद्यात कागदांत मागाहून खाडाखोड करणारे फसवे लोक आहेत, मोठ्या फसवणुकी घडल्याही आहेत. पण रोजचे नुकसान होते ते साध्या चुकांनी आणि एकच माहिती दहा ठिकाणी पुन्हा पुन्हा टाइप करण्याने. त्यावर औषध म्हणजे सगळ्यांनी एकच नमुना पाळणे. रकाने तेच, संकेत तेच, तारखेची पद्धत तीच. हे काम कंटाळवाणे आहे आणि परिषदांत त्याला टाळ्या मिळत नाहीत. माझे मत विचाराल तर ट्रेडलेन्सला ब्लॉकचेनची जेवढी गरज होती त्याहून कितीतरी जास्त गरज या नमुन्यांची होती.

शिवाय पैसे कोण देणार? कंटेनर कुठे आहे हे प्रत्येक जहाज कंपनी आपल्या संकेतस्थळावर फुकट सांगते. प्रोजेक्ट४४ आणि फोरकाइट्ससारख्या, जहाजे नसलेल्या आणि म्हणून कुणाच्याच स्पर्धक नसलेल्या कंपन्या तीच माहिती गोळा करून विकत होत्या. ज्यासाठी लोक खरोखर पैसे मोजतील ती गोष्ट म्हणजे बीएल डिजिटल होणे. तिथे अडथळा तंत्राचा नव्हताच. बोलेरो ही इलेक्ट्रॉनिक बीएलची व्यवस्था १९९९ पासून होती. तरी २०२१ मध्ये जहाज कंपन्यांनी काढलेल्या सुमारे १ कोटी ६० लाख मूळ बीएलपैकी इलेक्ट्रॉनिक होती फक्त १.२ टक्के. वीस वर्षांत सव्वा टक्काही नाही. कारण बहुतेक देशांच्या कायद्यात ‘ताबा’ म्हणजे हातात धरता येईल अशा वस्तूचाच ताबा होता आणि बँका कायद्याच्या पुढे जात नाहीत.

बंद

२९ नोव्हेंबर २०२२ ला मर्स्क आणि आयबीएमने व्यासपीठ बंद करत असल्याचे जाहीर केले. कारण सरळ शब्दांत दिले होते. चालणारे व्यासपीठ आम्ही उभे केले, पण त्यासाठी लागणारे साऱ्या उद्योगाचे जागतिक सहकार्य मिळाले नाही, म्हणून स्वतंत्र व्यवसाय म्हणून ते आपल्या पायावर उभे राहू शकले नाही. त्या वर्षी मर्स्कला सुमारे २९ अब्ज डॉलर निव्वळ नफा झाला, म्हणजे पैशाअभावी हे थांबले असे म्हणता येत नाही. त्याच २०२२ च्या सुरुवातीला एमएससीने क्षमतेत मर्स्कला मागे टाकून पहिले स्थान घेतले होते. पहिल्या क्रमांकाचे दडपण आणून बाकीच्यांना एका वहीत लिहायला लावण्याचे दिवसही संपत आले होते.

आमच्या बंदरातली दोन उदाहरणे

याच काळात जवळच दोन गोष्टी चालल्या होत्या. जुलै २०१६ पासून जवाहरलाल नेहरू बंदरातून निघणाऱ्या-येणाऱ्या कंटेनरना आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी चिठ्ठी, लावायला सुरुवात झाली. लॉजिस्टिक्स डेटा बँक या नावाने ती व्यवस्था पुढे इतर बंदरांत गेली. कंटेनर क्रमांक टाकला की तो टर्मिनलच्या गेटवर आहे, सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) आहे की टोलनाक्यावरून गेला, ते दिसते. तिच्यात ब्लॉकचेन नाही, मोठे आश्वासन नाही. ती चालली, कारण चालवणारा कुणाच्याच मालाचा स्पर्धक नव्हता, टॅग सरसकट सगळ्यांना होता आणि त्याचा खर्च प्रत्येक कंटेनरमागच्या सक्तीच्या शुल्कातून भागत होता.

दुसरी ग्रेपनेट. युरोपात आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडल्यावर अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेने २००६ मध्ये ती सुरू केली. बागेची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, प्रमाणपत्र सगळे एका साखळीत. नोंदणी नसेल तर युरोपला माल जात नाही. नाशिकच्या बागायतदाराने सुरुवातीला कुरकुर केली, पण त्याला एवढे ठाऊक होते की ही वही शेजारच्या निर्यातदाराच्या घरात नाही. सक्ती सरकारच करू शकते आणि सरकारी व्यवस्थांचे दुखणेही आम्ही रोज सोसतो. सर्व्हर बंद पडतो तेव्हा गाड्यांची रांग उरणच्या रस्त्यावर लागते. तरी तटस्थ मालकीचा जो फायदा ट्रेडलेन्सला कधी मिळाला नाही, तो या दोन्हींना पहिल्या दिवसापासून होता.

त्यानंतर

ट्रेडलेन्स बुडाले तरी त्यातून शिकलेले वाया गेले नाही. एप्रिल २०१९ मध्ये मर्स्क, एमएससी, हापाग-लॉइड आणि ओएनई यांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये डिजिटल कंटेनर शिपिंग असोसिएशन ही ना-नफा संस्था स्थापन केली होती. ती व्यासपीठ चालवत नाही, नमुने ठरवते. मी वर म्हटलेले कंटाळवाणे काम, तेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे ट्रेडलेन्सचे दिवे मालवत असतानाच, तिच्या नऊ सदस्य कंपन्यांनी जाहीर केले की पाच वर्षांत निम्मी आणि २०३० पर्यंत सगळी बीएल इलेक्ट्रॉनिक करायची. कायद्याची बाजूही हलली. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २०१७ मध्ये नमुना कायदा दिला होता, सिंगापूरने २०२१ मध्ये त्यावर आधारलेला कायदा केला. ब्रिटनमध्ये इलेक्ट्रॉनिक व्यापारी दस्तावेजांचा कायदा सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. जगातले कितीतरी जहाज करार इंग्लिश कायद्याखाली होतात, त्यामुळे त्याचे वजन मोठे आहे.

भारतात बीएलचा कायदा १८५६ चा होता. २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा आणला. भाषा सोपी झाली, केंद्र सरकारला निर्देश देण्याचा अधिकार मिळाला, पण इलेक्ट्रॉनिक बीएलसाठी स्वतंत्र कलम त्यात आलेले नाही. ते निर्देशांतून तरी यावे, असे मला मनापासून वाटते. तोवर या मोसमातही द्राक्षांचा कंटेनर सुटला की आमच्या ऑफिसमध्ये बीएलचा मसुदा दोघेजण वाचतात. एक मोठ्याने सील क्रमांक म्हणतो, दुसरा फोटोतल्या सीलवर बोट ठेवून एकेक आकडा जुळवतो आणि मगच लाईनला, म्हणजे जहाज कंपनीला, होकार जातो.